खांद्यावर नको, कडेवर घ्या

पत्र असं आलंय:

"ताई, मी सोलापूरच्या भवानी पेठेत राहतो. छत्तीस वर्षं यंत्रमागावर काढली, आता घरीच असतो. मुलगा-सून पुण्याला. नात आठ वर्षांची, नातू साडेतीनचा. दिवाळीत सगळे आले होते म्हणून हौसेने सहा जणांची मल्टिप्लेक्सची तिकिटं काढली. सिनेमा लहान मुलांचाच, कार्टूनचा. खाण्यापिण्यासकट तीन हजारांच्या वर गेले. दिवे बंद झाल्यावर वीस मिनिटांत नातू किंचाळायला लागला. आवाज काही फार नव्हता, पडद्यावर एक राक्षस आला होता एवढंच. सूनबाई त्याला घेऊन बाहेर गेली ती सिनेमा संपेपर्यंत बाहेरच. घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. आता गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, पाच दिवस येणार आहेत. सूनबाईने आत्ताच फोनवर सांगून टाकलंय, शोभेच्या दारूकामाला धाकट्याला नेणार नाही. याच्या बापाला, तो दोन वर्षांचा असताना, मी खांद्यावर बसवून होम मैदानावर नेलं होतं. त्याला काही झालं नाही. मग आम्ही पाच दिवस करायचं काय? घरात बसून मोबाइल बघायचा? पोरगं भित्रं निपजलंय का? या वयाच्या मुलाला घेऊन सगळ्यांनी मिळून बघावं असं काही असतं का?

— एक ताता, भवानी पेठ"

ताता,

तेलुगूत ताता म्हणजे आजोबा. तुमचा नातू तुम्हाला याच नावाने हाक मारत असणार, म्हणून मीही मारते. अशोक चौकाजवळच्या एका बालवाडीत माझी एकतीस वर्षं गेली. निम्मी मुलं घरी तेलुगू बोलणारी, काही कन्नड, उरलेली मराठी. पहिल्या आठवड्यात रडायची मात्र सगळी एकाच भाषेत.

आधी तुमच्या शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, कारण तो प्रश्न नातवाच्या कानावर गेला तर पाचही दिवस वाया जातील. पोरगं भित्रं नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाने अंधारात, अनोळखी जागी, भिंतीएवढ्या राक्षसाला बघून किंचाळणं म्हणजे त्याचं डोकं ठिकाणावर असल्याची खूण आहे. त्या वेळी शांत बसून पॉपकॉर्न खाणारे आपण मोठेच जरा विचित्र.

आता तुमचं एक वाक्य: "आवाज काही फार नव्हता." ते वाचून मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. छत्तीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये काढलेला माणूस हे म्हणतोय! दहा-बारा माग एकदम चालू असले की शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे सहज जातो. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं नाहीतर हाताच्या खुणा कराव्या लागतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. अशा आवाजात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचे कान पहिल्यासारखे राहत नाहीत, आणि ते ज्याचं त्याला कळतही नाही. सिनेमागृहातला आवाज साधारण 85 डेसिबल ही पातळी धरून बसवलेला असतो आणि स्फोट, गर्जना, ढोल असं काही आलं की तो शंभराच्या पुढे जाऊ शकतो. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं. दहाने आकडा वाढला की आवाजाची ताकद दहापट होते. म्हणजे जो आवाज तुम्हाला बेताचा वाटला तो नातवाला कानाजवळ पत्रा बडवल्यासारखा वाटला असणार. यात तुमची चूक नाही. पण इथून पुढे आवाज किती आहे हे ठरवायचं काम आजींकडे द्या. किंवा सूनबाईकडे.

राहिला राक्षस. "खोटं असतं रे ते" असं त्याला सांगितलं असेलच. सगळेच सांगतात. या वयाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. अमेरिकेत 1969 मध्ये ऱ्हेटा डीव्हरीज नावाच्या संशोधक बाईंनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मेनार्ड नावाचं एक गरीब मांजर होतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आधी ते दाखवलं. मग त्याचं पुढचं अंग आडोशाला घेऊन तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. मागचं अंग, शेपूट मुलांना सगळा वेळ समोर दिसत होतं. मुखवटा घातलेलं मेनार्ड पुढे आलं तेव्हा तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या मते ते आता कुत्रा झालं होतं. सहा वर्षांच्या मुलांना कळत होतं की हे मांजरच आहे, वर नुसतं सोंग आहे. तुमची नात त्या सहाच्या पलीकडे गेली, नातू अजून अलीकडे आहे. म्हणून एकाच सिनेमाला ती टाळ्या वाजवते आणि तो किंचाळतो. त्याला वळण नाही म्हणून नव्हे, त्याला अजून तीन वर्षं मिळालेली नाहीत म्हणून.

बालवाडीच्या एका गॅदरिंगला आम्ही शिपाईमामांना अस्वलाचा पोशाख घालून आणलं होतं. मुलांचे लाडके मामा, रोज डबे उघडून देणारे. सतरा मुलं रडली. एका आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, पोरगं मामाला न्हाय, अस्वलाला घाबरायलंय की ओ." दुसऱ्या वर्षी मामांनी मुलांच्या समोर बसून पोशाख चढवला, एकेक पाय घालत, डोकं शेवटी. मध्येच डोकं काढून "कोण आहे?" विचारलं. एकही मूल रडलं नाही, उलट डोकं घालायला मदत करायला रांग लागली. सोंगाची भीती सोंग उलगडून दाखवल्यावर जाते. गड्ड्यावर किंवा एखाद्या मॉलमध्ये कार्टूनचा पोशाख घातलेला माणूस दिसला तर नातवाला फोटोसाठी त्याच्या हातात देऊ नका, लांबूनच हात हलवू द्या.

तुम्ही लिहिलंय की सिनेमा लहान मुलांचाच होता. इथे बहुतेक घरं फसतात. सिनेमाला 'यू' प्रमाणपत्र असतं याचा अर्थ तो कोणत्याही वयाच्या माणसाने बघायला कायद्याची हरकत नाही, एवढाच. तो तीन वर्षांच्या मुलासाठी काढलाय असा नव्हे. आणि चित्रं काढलेला सिनेमा म्हणजे बाळांचा सिनेमा, हाही आपला गोड गैरसमज. 'यूए'मध्ये आता सात, तेरा आणि सोळा वर्षं अशा तीन पायऱ्या केल्यात. 'यूए सात' लिहिलेलं असेल तर सातच्या आतल्या मुलाला दाखवायचं की नाही हे आईबापांनी बघून ठरवायचं असतं. पोस्टरवर आणि तिकिटाच्या ॲपवर ते लिहिलेलं असतं, फक्त बारीक अक्षरात. नातीसाठी तेवढं बघितलं तरी पुरे. नातवासाठी प्रमाणपत्र बघत बसू नका. त्याच्यासाठी माझी कसोटी एकच: अर्ध्यावर उठून येता येईल का? पैसे गेल्याची हळहळ न करता, कोणाच्या गुडघ्यांना धडका न देता, आणि घरी कोणाचं तोंड न फुगता. येत असेल तर तो कार्यक्रम लहान मुलाचा. येत नसेल तर पडद्यावर ससे नाचत असले तरी तो मोठ्यांचा.

या कसोटीवर मल्टिप्लेक्स नापास होतं. धाकट्याचंही तिकीट काढायचं, रांगेच्या मधोमध बसायचं, आणि दोन तास. तरी कधी न्यायचंच झालं तर दुपारचा रिकामा खेळ बघा, कडेच्या खुर्च्या घ्या, दाराजवळच्या. सिनेमातलं एखादं गाणं घरी आधी दोन-तीनदा ऐकवा, ओळखीचं काही कानावर आलं की मूल सावरतं. आधीच्या जाहिराती आणि झलकी टाळून आत शिरा, कारण पुढे येणाऱ्या मारधाडीच्या सिनेमांच्या झलकी तिथेच आदळतात. आणि मध्यंतर म्हणजे सिनेमा संपला असं धरून चाला. त्यानंतर जे बघायला मिळेल ते फुकटात.

पण ताता, तुमच्या पत्रात मला खटकलं ते सिनेमाचं नव्हे. "सूनबाई बाहेर गेली ती सिनेमा संपेपर्यंत बाहेरच." आत चार माणसं होती. नात सोडली तर तीन. आजी, तुम्ही, मुलगा. तिघांपैकी एकालाही उठून "आता तू आत जा, मी बसतो" म्हणावंसं वाटलं नाही? तिनेही तिकिटाचा सिनेमा वीस मिनिटंच बघितला. आता ती दारूकामाला नाही म्हणतेय तर तुम्हाला वाटतंय ती पोराला फार जपते. मला वाटतं तिला चांगलं ठाऊक आहे की होम मैदानावरच्या गर्दीत पोर रडायला लागलं की त्याला घेऊन बाहेर पडणारी बाई कोण असणार आहे. तिचा नकार दारूकामाला आहे, तुम्हाला नाही. या वेळी ती यायच्या आधीच फोन करून सांगा, "नातू कंटाळला, घाबरला, तर पहिली पाळी माझी." एवढ्याने निम्मा गड्डा पार पडेल.

आता तो खांदा.

तुम्ही मुलाला दोन वर्षांचा असताना खांद्यावर बसवून दारूकाम दाखवलं आणि त्याला काही झालं नाही. असेलही. पण एक विचारते. त्याचा चेहरा तुम्हाला दिसत होता का? तो तुमच्या डोक्याच्या वर, तुमचे डोळे आभाळाकडे, भोवती माणसांचा समुद्र आणि बाराचे आवाज. तो हसत होता की रडत होता, हे तुम्हाला कोणत्या वाटेने कळणार? आणि त्याला तरी तुमचा चेहरा कुठे दिसत होता, टाळू तेवढी. लहान मूल काही नवं, दचकवणारं समोर आलं की आधी त्या वस्तूकडे बघत नाही, ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघतं. आई हसतेय ना? म्हणजे ठीक आहे. ताताच्या कपाळाला आठी नाही ना? म्हणजे ठीक आहे. वर्षाच्या आतबाहेरची मुलंसुद्धा हे करतात. रांगत्या मुलाला आईकडे वळून बघताना कोणत्याही अंगणात दिसेल. खांद्यावरच्या मुलाची ही सोय जाते. म्हणून खांदा नको, कडेवर घ्या. तोंडासमोर तोंड. दमलात तर मुलाच्या कडेवर द्या, ज्याला तुम्ही खांद्यावर नेलं होतं त्याच्या. पुण्याहून आल्यावर त्याला एकदा विचारूनही बघा, त्या रात्रीचं काही आठवतं का.

गड्ड्याचं म्हणाल तर नातवाला गड्डा दाखवायचाच. सोलापूरचं पोर आहे, पुण्यात जन्मलं म्हणून काय झालं? पण गड्डा एका घासात भरवू नका.

पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकाची मिरवणूक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता, मग होम, मग दारूकाम. या चारांतली मला लहान मुलांसाठी सगळ्यात आवडते ती नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक, आणि तीही रस्त्यावर उभं राहून नाही. हिरेहब्बू वाड्यापासून निघून सातही नंदीध्वज मंदिराकडे जातात, त्या वाटेवर कोणा पाहुण्याचं, सोबत्याचं घर असेलच. बाळीवेशीत, विजापूर वेशीपाशी, कुठेही. त्याच्या ओट्यावर किंवा पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसा. उंच काठ्या झुलत येताना दिसतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं दिसतात, "एकदा भक्तलिंग हर्र" कानावर येतं, आणि नको वाटलं की चार पावलांवर आतली खोली आहे. अर्ध्यावर उठून येता येतं! नातवाला आधी घरी एक काठी द्या, तिच्या टोकाला रुमाल बांधा, अंगणात मिरवणूक काढा. मग खरी दिसली की त्याला वाटेल हे आपलंच काहीतरी मोठ्या माणसांनी उचललंय. अक्षतांच्या वेळी संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत मात्र साडेतीन वर्षांच्या मुलाचं काहीही काम नाही. त्याला तिथे फक्त माणसांच्या मांड्या दिसतील.

होम मैदानावरचे पाळणे, खेळ, दुकानं यांना दोन फेऱ्यांत वाटा. धाकट्याची फेरी दुपारी, खेळ नुकते सुरू होत असताना, ऊन उतरायच्या आधी. तेव्हा घोडा-मोटारीच्या छोट्या चक्रीपाशी रांग नसते, कर्ण्यांचा कल्लोळ अजून चढलेला नसतो, आणि आधी तिथे उभं राहून दोन फेऱ्या नुसत्या बघता येतात. आधी बघू द्या, मग विचारा, मग बसवा. बसवल्यावर तोंड वाकडं झालं तर चक्रीवाल्याला थांबवायला सांगा, लाजू नका. तीस-चाळीस मिनिटं झाली की फुगा घ्यायचा आणि घरी, दुपारची झोप चुकवायची नाही. संध्याकाळी दिवे लागल्यावर नात, तिचे आईबाबा असे तिघेच पुन्हा जातील. मोठा पाळणा, मौत का कुआँ, भेळ, जे काय असेल ते. ती मुलगी आठ वर्षांची आहे, तिलाही कधीतरी धाकट्या भावाचं रडणं मध्ये न येता काही बघायचं असेल. सगळ्या घराने बघायचं म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी एकाच जागी कोंबून बसायचं, हे कोणी ठरवलं?

आणि दारूकाम. सूनबाई मैदानावर न्यायला नाही म्हणाली. गच्चीवर न्यायला नाही म्हणालेली नाही. तुमच्या गच्चीवरून होम मैदानाच्या बाजूचं आभाळ दिसतं का ते आधी बघून ठेवा, नसेल दिसत तर गल्लीत कोणाची उंच गच्ची असेलच. आपल्या देशात फटाक्याच्या आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर 125 डेसिबल अशी आहे. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. एक-दीड किलोमीटरवर जाईपर्यंत त्या बाराचा नुसता 'धप्' उरतो. रंग मात्र तेवढेच.

शिवाय तिथे एक गंमत आहे जी मैदानावरच्या लोकांना मिळत नाही. उजेड लगेच पोचतो, आवाज रेंगाळत येतो, एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद लावतो. आभाळात फूल उमललं की नातवाने मोजायला लागायचं: एक, दोन, तीन, चार... धप्! किती आकड्यांवर आवाज येतो ते दोन-तीन बारांत त्याला पाठ होईल. मग तोच तुम्हाला सांगेल, "आता येईल बघ." दचकवणारा आवाज केव्हा येणार हे ज्याला आधी ठाऊक असतं ते मूल घाबरत नाही, ते रुबाब करतं. नातीला तीनाने भागायला लावा, मैदान किती लांब आहे ते काढू दे. तेलुगूत मोजलंत तर आजीही सामील होतील: ओकटी, रेंडू, मूडू. जानेवारीच्या रात्री गच्चीवर गारठा असतो, एक चादर आणखी न्या. आणि तरीही तो म्हणाला "खाली जायचं", तर पाळी कोणाची ते ठरलेलंच आहे.

मोबाइलचं तुम्ही रागाने लिहिलंय, पण पाच दिवसांत तो हातात येणारच, खोटं कशाला बोला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलेलं माप असं: दोन वर्षांच्या आत पडदा नाहीच, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं बरं. त्याच कागदात तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसात एकूण तीन तास हालचाल आणि दहा ते तेरा तास झोप हवी असंही आहे, दुपारची धरून. म्हणजे झोप आणि धावणं आधी बसवायचं, पडदा उरलेल्या फटीत. माझ्या पद्धतीने सांगते. जेवताना नाही, झोपायच्या आधी नाही, आणि त्याच्या हातात देऊन आपण स्वयंपाकघरात असंही नाही. एक गोष्ट लावायची, शेजारी बसून बघायची, ती संपली की आपोआप पुढची सुरू होते ते बंद करून ठेवायचं. (नातीला सांगा, तिला ते बटण बरोबर सापडतं.) दुसऱ्या दिवशी त्याने तीच गोष्ट मागितली तर कंटाळून दुसरी लावू नका. पुढे काय होणार ते ठाऊक असण्यातच त्याची सगळी मजा आहे, गच्चीवरच्या मोजण्यासारखीच. चिऊताईचं दार काऊने दहाव्यांदा वाजवलं तरी तो हसतो, आणि तुम्ही दहाव्यांदा "थांब, बाळाला न्हाऊ घालते" म्हणताना एक शब्द बदलून बघा, लगेच पकडेल.

उरलेल्या वेळाचं मला फार सांगावं लागेल असं वाटत नाही, तुम्ही सोलापुरात जन्म काढलाय. भुईकोट किल्ल्याची बाग सकाळी, ऊन चढायच्या आत. तिथे नुसतं पळू द्या. केगावचं विज्ञान केंद्र नातीसाठी, धाकट्याला तिथे बटणं दाबण्यापुरताच रस. नान्नजचं अभयारण्य या खेपेला राहू द्या, गप्प बसून काळविटांची वाट बघणं साडेतीन वर्षांत जमत नाही. तुळजापूर-अक्कलकोटला जाणार असाल तर गर्दीचा वार सोडून जा, रांगेत तासभर कडेवर घेऊन उभं राहिल्यावर देवालाही रडणंच ऐकू येतं.

पण माझं सगळ्यात आवडतं ठिकाण तुम्हाला कोणी सुचवणार नाही, म्हणून मी सुचवते. सोलापूर स्टेशन. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट. बाकावर बसायचं, रुळांपासून लांब, हात धरून. इंजिन येतं, डबे मोजायचे, चहावाला ओरडतो, हमाल जातो, सगळं खरं, सगळं उजेडात, आणि कंटाळा आला की उठून घरी. मालगाडी आली तर चांदी, पन्नास डबे मोजत बसतो पोरगा. पहाटे उठायची तयारी असेल तर मुंबईला जाणारी वंदे भारत सहाच्या सुमाराला सुटते. स्टेशनचा भोंगा त्याच्या कानाला जड वाटला तर दोन्ही हातांनी कान झाकायला शिकवा, आणि तुम्हीही झाका. तो एकटाच झाकतोय असं दिसू देऊ नका.

रात्री दिवे घालवून भिंतीवर सावल्यांचा खेळ करा. अंधाराची भीती असलेल्या मुलाला बॅटरी स्वतःच्या हातात मिळाली की अंधार त्याच्या ताब्यात येतो. पडद्याला सोलापुरी चादर टांगू नका, तिच्यातून उजेड पार होत नाही. आजींचं जुनं पांढरं पातळ घ्या, नाहीतर तुमचं धोतर. चादर दोन खुर्च्यांवर टाकून खाली घर करायला ठेवा. मल्टिप्लेक्सला दिलेल्या तीन हजारांपेक्षा त्या घरात तो जास्त वेळ बसेल, पैज लावते.

आणि एक तुमच्याच घरातलं. माळ्यावर एखादा जुना धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारी लाकडी होडी, पडला असेल, चार-दोन सुताच्या कांड्याही. छत्तीस वर्षं तुम्ही काय करत होतात हे त्या दोन मुलांना कोणी दाखवलंय का? चालू शेडमध्ये नातवाला नेऊ नका, कारण वर सांगितलंच आहे. ओळखीच्या कोणाचा हातमाग असेल तर तिथे न्या. पाय दाबला की ताणा उघडतो, धोटा इकडून तिकडे जातो, फणी ठोकते, खट-खट, आणि विणकर थांबला की आवाजही थांबतो. नात नक्षी विणायच्या जॅकार्डच्या पत्त्यांची भोकं बघून शंभर प्रश्न विचारेल. नातू धोटा मागेल. घरी आल्यावर त्याला तुमचा जुना द्या, तो त्याची आगगाडी करेल, करू द्या. फक्त त्याची दोन्ही लोखंडी टोकं अणकुचीदार असतात, देण्याआधी त्यांवर जाड चिंधी गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधून घ्या.